महिपती जॉबर आणि आवाजाची डबी

नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तिरसट आहे, हे दोन्ही आसपासच्या लोकांना ठाऊक आहे. तक्रार घेऊन परत आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी दोष देतो, मग बसायला स्टूल देतो. महिपतीमामांना मी एका आठवड्यात चार वेळा स्टूल दिलं.

मामा जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा मिस्त्री. बार्शीकडच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यात छत्तीस वर्षं राबत होते. माग बिघडला की त्याच्या लोखंडावर तळहात टेकवून ते गप्प उभे राहायचे, आणि थोड्या वेळानं नेमका दोष सांगायचे. सोमवारी माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला तेव्हा त्यांनी त्यावरही तसाच तळहात ठेवला. मला हसू आवरेना.

"सायेब, ह्येचा आवाज बिघाडलाय," ते ओरडून म्हणाले. मागावरची माणसं चहा मागतानाही ओरडतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, वैष्णवीचा जुना. ती बार्शीला शाळेत शिकवते. पुण्याची एक संस्था अंध मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करून मागवते. वैष्णवीनं वडिलांच्या कारखान्यावर गोष्ट लिहून स्वतःच्या आवाजात वाचली होती. ती शनिवारी पाठवायची होती. पण तिनं बजावलं होतं, "आबा, नीट ऐका आणि कुठं चुकलंय ते सांगा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पाठवणार नाही."

"आन् मला शब्दच कळंनात," मामा म्हणाले. "पोरीच्या आईनं, आमच्या वच्छलानं ऐकलं, रडली बी. म्हणली, लई ग्वाड बोललीया. पर तिला पोरीचं समदंच ग्वाड लागतंय. माझं मत आजवर कुणी इचारलं न्हाय, सायेब. आता पोरीनं इचारलंय, तर ह्ये डबडं असं!"

मी हेडफोन लावून पाहिला. चार्जर जोडला की बारीक खरखर येत होती. जुन्या लॅपटॉपचा हा नेहमीचा रोग. मी त्यांना समजावलं की लॅपटॉपमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो, कानासाठी त्याचा पुन्हा आवाज करावा लागतो, आणि ते काम आतला स्वस्त भाग धड करत नाही. त्यासाठी बोटाएवढी डबी मिळते. एक टोक लॅपटॉपला, दुसऱ्यात हेडफोन. डबी काढायला मी काउंटरखाली वाकलो आणि तिथूनच विचारलं, "मामा, घरचा हेडफोन साध्या पिनचाच आहे ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही नाही. वर येऊन बघतो तर स्वारी रस्त्याकडे बघत बसलेली. काय अकड आहे म्हाताऱ्याची, असं मला वाटलं.

मंगळवारी पहिली पाळी सुटल्यावर मामा हजर. "आवाज मोठा झालाय. पर शब्द न्हाईत. समदं कापूस पिंजल्यागत."

मी हेडफोन कानाला लावला. दोन वाक्यं ऐकली. खरखर गेली होती, मुलीचा आवाज स्वच्छ येत होता. तरी आवाज त्या डबीतूनच बाहेर पडतोय ना, हे तपासलं, लॅपटॉपच्या सेटिंगमधल्या दोन-चार टिकखुणा काढल्या, दोन-चार घातल्या आणि फार मोठं काम केल्यासारखा चेहरा करून त्यांना घालवलं.

बुधवारी ते पुन्हा आले. आता मात्र माझं डोकं फिरलं. "मामा, दोष तुमच्या हेडफोनमध्ये असेल!"

"न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "शेजारच्याचा लावून बघितला. तसंच. चार्जर काडून बघितला. तसंच. पुतण्याच्या लॅपटॉपवर लावलं. तसंच. आमच्यात एक रीत हाय, सायेब. एका टायमाला एकच पार्ट बदलायचा. समदं बदलून झालं आन् दोष तसाच ऱ्हायला, तर जे बदललं न्हाय त्यात दोष. आता ही डबीच ऱ्हायली."

रीत बिनतोड होती. मी मुकाट्यानं डबी बदलून दिली. मग माझाच गोंधळ सुरू झाला. मला जे लख्ख ऐकू येतं ते या माणसाला कापूस का वाटतं? ते रेकॉर्डिंग मी माझ्याकडे उतरवून घेतलं आणि दुकानात येणाऱ्या तिघांना ऐकवलं. तिघांनाही शब्द न् शब्द कळला. पंधरा वर्षांचा माझा धंदा, आणि एका बोटाएवढ्या डबीनं मला वेड लावायची वेळ आणली.

शुक्रवारी मामा पुन्हा आले. नुसती मान हलवली आणि स्टुलावर बसले. उद्या शनिवार. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. इतके दिवस मी फक्त आवाज तपासत होतो. गोष्ट ऐकलीच नव्हती. म्हटलं, आज पूर्ण ऐकू.

वैष्णवी सांगत होती: "मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. लहानपणी एकदा मी आबांचा डबा घेऊन गेले आणि गेटाबाहेर त्यांना मागून हाका मारल्या. आबा वळले नाहीत. मी रडत घरी आले. आई म्हणाली, आबांशी बोलायचं तर समोर जाऊन बोलायचं. तेव्हापासून ती आमच्या घरची शिस्तच झाली."

मी हेडफोन काढला, मामांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली, "मामा!" मग जोरात, "महिपतीमामा!" शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं. मामा मात्र टेबलावरच्या डबीकडे बघत बसले होते.

मी समोर आलो. "मामा, मी तुम्हाला मागून दोन हाका मारल्या."

"कवा?" ते माझ्या ओठांकडे बघत म्हणाले.

मग ते एकेक बोट दुमडत मोजू लागले. "हेडफोन बदलला. चार्जर काडला. लॅपटॉप बदलला. डबी तुमी बदलली." पाचवं बोट दुमडायचं सोडून तो हात हळूच त्यांच्या कानाकडे गेला. "म्हंजे ह्येच ऱ्हायलं की."

सोमवारी मी त्यांच्यावर अकडीचा शिक्का मारला होता, त्याची मला फार लाज वाटली. मी घाईघाईनं कानाच्या डॉक्टरचं, मशीनचं बोलायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "त्ये मागनं बगू. पोरगी थांबलीया."

मग मी माझं स्टूल त्यांच्यासमोर ओढलं. हेडफोन माझ्या कानाला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं आणि मामांकडे तोंड करून म्हणायचं. मी अगदी हळू बोलत होतो, तरी त्यांचा एक शब्द चुकला नाही. "व्हय," ते म्हणत. "बराबर. असंच व्हतं." चेहरा असा खुलला होता की दारातली दोन गिऱ्हाइकंही बघत उभी राहिली.

गेटाबाहेरचा प्रसंग आला तेव्हा मी अडखळलो. वगळावा का, असं मनात आलं.

"बोला की," मामा म्हणाले.

मी बोललो. त्यांची मान हलायची थांबली. मग म्हणाले, "ह्ये चुकलंय. लावा तिला फोन."

व्हिडिओ कॉल लागला. वैष्णवीनं विचारलं, "आबा, ऐकलंत? कशी झालीय?"

"लई बेस झालीया. एकच चूक हाय."

"कुठं?"

"ती शिस्त न्हवती गं. मला ऐकूच येत न्हवतं."

वैष्णवीला आधी कळलंच नाही. मग तिनं तोंड फिरवलं आणि काहीतरी विचारलं. मला ते ऐकू आलं. मामांना नाही.

"हिकडं बगून बोल, बाळा."

ती वळली. डोळे पुसून तिनं तेच पुन्हा, सावकाश विचारलं. "मग त्या दिवशी गेटाबाहेर मी मारलेल्या हाका?"

"एक बी आली न्हाय," मामा म्हणाले. "आली असती तर वळलो नसतो व्हय?"