पन्नास जास्तीची मतं

"आधी एकदा करून बघू," असं म्हटल्याशिवाय सरांचं कुठलंच काम सुरू होत नसे. नवा खडू आला की आधी फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ. घरातून निघण्यापूर्वी छत्री एकदा उघडून मिटायची. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. आपण त्यांना हसतो आणि अडलं की त्यांच्याकडेच जातो.

कानडी मुलखात, मळमड्डीतल्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवते. हायस्कुलातून निवृत्त झालेले सर तिथं गणित शिकवायचे. मी फारशी कुणाशी बोलत नाही. ते उत्तराची वाट न बघता बोलायचे, म्हणून मला बरे वाटायचे.

दर शनिवारी मुलांसमोर वादविवाद असे. एकदा क्लास चालवणाऱ्या अक्कांनी विषय दिला : मतदान यंत्रं बंद करून पुन्हा कागदी मतपत्रिका आणाव्यात का? "सर, तुम्ही यंत्राच्या बाजूनं. तू कागदाच्या. मुलांना भांडण तरी बघायला मिळेल," अक्का हसल्या. मी हसले नाही. वर्गात व्याकरण शिकवता येतं. स्वतःचं मत सांगायचं म्हटलं की मी वही चाळायला लागते.

शुक्रवारी रिकाम्या वर्गात सरांनी तालीम घेतली. मी मुद्दे वाचले : चिठ्ठी हातात धरता येते, मोजताना सगळ्यांना दिसते.

"इतकं हळू बोललीस तर फळ्यालाही ऐकू जायचं नाही," सर म्हणाले. मग ते उभे राहिले. मतदान सुरू होण्याआधी पक्षांच्या एजंटांसमोर पन्नास खोटी मतं टाकून यंत्र तपासतात, मोजून दाखवतात आणि मग ती पुसतात. "पुसतात," ते पुन्हा म्हणाले, आणि बाकावर बसले.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या निवडणुकीत, कलघटगीच्या पुढच्या एका गावात ते मतदान केंद्राचे प्रमुख होते. सकाळी दोन एजंट खुर्चीवरून भांडत होते, बाहेर रांग वाढत होती, आणि सर पुसायचं बटण दाबायला विसरले. संध्याकाळी यंत्रात पन्नास मतं जास्त. त्यांनी झालं ते लिहून दिलं. मतमोजणीला ते यंत्र बाजूला ठेवलं. जिंकणारा बराच पुढे होता, म्हणून त्यातली मतं मोजलीच नाहीत.

"निकालात फरक पडला नाही, असं साहेब म्हणाले. मला ताकीद देऊन सोडलं. पण गाव दिवसभर उन्हात उभं होतं गं. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

पुढचं सांगताना त्यांनी भिंतीकडे बोट केलं. दुसऱ्या बाकावर बसणारी आमची एक विद्यार्थिनी त्याच गावची. 'माझं पहिलं मत' हा तिचा निबंध मीच भिंतीवर लावला होता. आजीला खुर्चीत बसवून, उचलून मतदानाला नेलं, असं त्यात लिहिलं होतं. ती आजी आता नाही. निबंध वाचल्यापासून सर त्या बाकाकडे न बघता शिकवत होते.

"उद्या तूच सांग. तुझ्या बाजूला उपयोगी पडेल."

"मला नाही जमणार, सर."

शनिवारी मी कसेबसे मुद्दे वाचले. सर छान बोलत पन्नास मतांपर्यंत आले. दुसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"पुसायला विसरले तर, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तर त्या गावाची मतं बाजूला राहतात," ते म्हणाले. "तुझ्या गावाची राहिली. विसरलेला माणूस मी."

"हौदा, खरंच, सर?" ती हसली. बाकी कुणी हसेना, तेव्हा तिनं विचारलं, "अज्जीचं पण?"

"हो. तिचंही."

सोमवारी तिचे वडील आले. धिप्पाड माणूस, मोटरसायकल थेट पायरीला लावलेली. "निवडणुकीचे मास्तर कुठायत?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "आज आले नाहीत," मी म्हणाले. आत सर मोठ्यानं वर्गमूळ समजावून सांगत होते.

ते बाहेर आले. चेहरा उतरलेला. "मीच."

"गावात येऊन सांगा. माझी पोर सांगते तर लोक तिलाच खोटी ठरवतात. सगळे देवळापाशी जमलेत."

"सर, जाऊ नका." त्या क्लासमध्ये मी इतक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते.

"रांग लावायला मीच सांगितलं होतं त्यांना," सर म्हणाले.

गावात त्यांना कुणी हात लावला नाही, असं मुलीनं नंतर सांगितलं. त्यापलीकडे ती बोलली नाही आणि विचारायचं मला धैर्य झालं नाही. सर क्लासला परत आले नाहीत. घराला कुलूप आहे. लेकीकडे गेलेत म्हणतात.

मला मात्र ते त्या सोमवारी निघताना मोटरसायकलवर बसलेले दिसतात. मागे धरायला कडी नव्हती. हात कुठं ठेवावेत ते सरांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांड्यांवर ठेवले.

"हेदरब्याडरी, घाबरू नका," पुढचा माणूस मागे न बघता म्हणाला. मग त्यानं सरांचा एक हात ओढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि गाडी चालू केली.