तोल मुठीकडे हवा

“मॅडम, माझं नाव काढा. मनगट साथ देत नाय,” म्हणत शकुंतलाकाकूंनी तलवार माझ्या टेबलावर ठेवली. प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं.

हर्सूलला मी बायकांना मर्दानी खेळ शिकवते. काकू अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, बॅचमध्ये वयानं सगळ्यांत मोठ्या. लाकडी तलवारीवर त्यांचा हात सुरेख बसला होता. सरावासाठी स्टीलच्या, धार न लावलेल्या तलवारी आल्या आणि काकू मागं पडू लागल्या.

मी त्यांना लहान मुलींची आखूड तलवार देऊ केली. काकू फणकारल्या.

“माझ्या दोघी बहिणी देवगाव रंगारीहून बघायला येऊ राहिल्यात. त्यांच्यापुढं हे खेळणं घेऊन नाचू व्हय?”

आमच्या क्लबचे सेक्रेटरी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “जाऊ द्या मॅडम. वय झालं त्यांचं.”

मला रागच आला. एक दिवस न चुकलेली बाई ही! माझा जीव जडला होता तिच्यावर.

मी काकूंची स्टीलची तलवार एका बोटावर आडवी धरली. जिथं ती स्थिर राहते, तो तिचा तोल. तोल मुठीजवळ असला की तलवार हाताला हलकी लागते. पुढं गेला की मनगट ओढते. हिचा तोल चांगलाच पुढं होता. खरं पातं टोकाकडं पातळ होत जातं. आमच्या कारागिरानं सगळीकडं एकच जाडी ठेवली होती.

पाती घासून घ्यायला वेळ नव्हता. मुठीच्या मागच्या टोकाला मी एक जाड लोखंडी नट बसवून घेतला.

“अहो, आधीच जड, त्यात आणखी वजन?” साहेब म्हणाले.

“त्यांना एकदा फिरवू तर द्या.”

काकूंनी एक वार केला. थांबल्या. दुसरा केला. मग फिरवतच राहिल्या.

“आता ऐकू राहिली माझं!”

माझे डोळे भरून आले.

प्रात्यक्षिकाला काकू पहिल्या रांगेत होत्या. धाकट्या बहिणीनं तर चक्क शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुलींनी काकूंची तलवार फिरवून पाहिली आणि सगळ्यांनाच नट हवा झाला. मनगटं त्यांचीही दुखत होती, पण सांगायची लाज. तरुण मनगट सामानाची खोट झाकून घेतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता नवी तलवार आली की आधी काकूंच्या हातात जाते. साहेब बिल त्यानंतरच पास करतात.