दर्यापलीकडच्या गावाचं गाऱ्हाणं

डिचोलीहून पेडण्याला जाणाऱ्या बसमधल्या त्या कंडक्टरचं नाव मला आजही ठाऊक नाही. सिंधुदुर्गातला गडी, बोटांच्या बेचक्यात दुमडलेल्या नोटा आणि तोंडात अखंड "फुडे सरा, फुडे सरा!"

एकदा कॉलेजातली एक मुलगी डबा घेऊन चढली. आफ्रिकेतल्या एका गावात नळ बसवायला तिचा वर्ग पैसे जमवत होता. ती बोलू लागताच सगळी बस खिडकीबाहेर पाहू लागली, मीसुद्धा. बिचारी रडवेली होऊन उतरायला निघाली.

तोच कंडक्टरने हात जोडले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा! ह्या चेडवाच्या हातान दर्यापलीकडच्या गावाक नितळ पाणी मिळू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" देवळातल्या सवयीने अख्खी बस गरजली. सर्वांत मोठा आवाज अर्थात माझा.

"देवाच्या पुढ्यात व्हय म्हटलात," तो म्हणाला, "आता खिशे उघडा!"

डबा भरला.

काही महिन्यांनी तिने त्याला मोबाइलवर वाहत्या नळाचा फोटो दाखवला. त्याने बस थांबवली, माझ्या पिशवीतला नारळ बिनदिक्कत उचलून चाकापाशी फोडला आणि सगळ्यांना वाटत म्हणाला, "थयच्या, दर्यापलीकडच्या देवाचा नाव माका ठावक नाय. त्येच्या वाटणीचा खोबरा तुमीच खावा."