पहिल्याच हाकेला

भास, दृष्टान्त, भूतबित असलं मी मानत नाही. स्टॅटिस्टिक्स शिकते, असले किस्से सांगणाऱ्याला "सॅम्पल साइझ किती?" असं विचारून गप्प करणाऱ्यांतली आहे. त्यामुळं आज माझंच हसं होणार... होऊ दे.

गाव जळकोट, नळदुर्गजवळ. घरची मेंढरं. सुट्टीत मी वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, रानात असायचे. कळप कुणाच्या ज्वारीत शिरायला लागला की आप्पा लांबून "बायडेऽऽ" ओरडायचे, मी "ओऽऽ" करत मेंढरं वळवायचे. नियम एकच – हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. "माणूस तीनदा हाक मारतंय. दुसरं काय असलं तर एकदाच," आप्पा सांगायचे. मी हसायचे, पण पाळायचे.

मग एम.एस्सी.साठी हैदराबादला आले. विद्यापीठ नावाजलेलं, दर आठवड्याला टेस्ट, आणि वर्गात एकेक असा हुशार की मी तोंड उघडणंच सोडलं. हजेरीला रोल नंबर, मेसला कार्ड नंबर. आप्पा फोनवर बोलायचे, पण फोनवर कुणी हाक मारत नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले. अ‍ॅडमिशन रद्द करायचा फॉर्म भरला, घरी सांगितलं नाही.

त्या दिवशी दुपारी चारला लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर सही करायला बसले. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पेन टेकवलं आणि मागून, अगदी स्पष्ट...

"बायडेऽऽ!"

थांबायला हवं होतं. पण सहा महिने त्या हाकेसाठी जीव आसुसला होता. मी "ओऽऽ" दिली, रानात देतात तशी. खालून वॉचमन धावत आला, "क्या हुआ अम्मा?"

दहा मिनिटांत आप्पांचा फोन. ते स्वतःहून कधी करत नाहीत.

"बायडे, गावात आलीस का गं?"

"न्हाय आप्पा, हैदराबादलाच हाय. का वो?"

"मेंढरं बांध ओलांडाय लागली व्हती. सवयीनं हाक मारली. मग ध्यानात आलं, पोरगी कुठं हाय हितं... तेवढ्यात वढ्याच्या पल्याडनं तुझी ओ आली. मेंढरं वळली की गं!"

मग आप्पा दबकत म्हणाले, "पर म्या एकदाच हाक मारली व्हती. पहिल्याच हाकेला ओ का दिलीस?"

"लई एकटं वाटत व्हतं, आप्पा."



"मलाबी," आप्पा म्हणाले.

फॉर्म अजून बॅगेत आहे, बिनसहीचा. माझी ओ वॉचमननं ऐकली हे खरं, तिकडं मेंढरं वळली हेही खरं. मधल्या अडीचशे किलोमीटरचं गणित मला काही मांडता येत नाही. आता रोज चारला त्याच खुर्चीत अभ्यासाला बसते. हाक पुन्हा आलेली नाही. आली, तर तिसरीची वाट बघणार नाही.