वहीतलं तिसरं नाव

व्हर्न कोस्केलानं त्या दुपारी फोन ठेवला तेव्हा त्याला दोनच गोष्टी नीट कळल्या होत्या. एक, त्याचा अर्ज अडकला आहे. दोन, तो त्यानं स्वतःच अडकवला आहे.

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये चौतीस वर्षं तो विटा रचत आला. फेब्रुवारीत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडचं काही सांगितलं नाही. "अपंगत्वाच्या पैशासाठी अर्ज करा. या आजाराचे कागद सरकार बाजूला काढून आधी बघतं," एवढं मात्र बजावलं. पैसे सुरू झाले की त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून घरी थांबणार होती. व्हर्नला तेवढंच हवं होतं.

अपंगत्वाच्या सरकारी ऑफिसातली फोनवरची बाई सभ्य होती.

"मिस्टर कोस्केला, मागच्या महिन्यात काम शोधलंत का, याला तुम्ही हो लिहिलंय."

"शोधलं नाही. हॉलच्या वहीत सही केली."

"म्हणजे कामाला तयार आहात?"

"सही म्हणजे तेच."

"मग काम जमत नाही असं मी कसं लिहू?"

काम नसलेला गवंडी दर महिन्याला युनियनच्या हॉलमध्ये जाऊन सही करतो. सही चुकली की नाव यादीच्या तळाला. त्याची एकदाही चुकली नव्हती.

"आणि मंजूर झालं तरी पहिले पाच महिने पैसे मिळत नाहीत," बाई म्हणाली.

"पण हे घाईचं आहे ना?"

"निर्णय घाईचा. पैसे नियमाप्रमाणे."

व्हर्ननं बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले; उन्हाळा आधीच संपत होता. शेवटी टोपी घातली आणि हॉलवर गेला.

काम वाटून देणारा लाइल टेबलाशी होता. त्याच्या हाताखाली व्हर्ननं सात वर्षं काढली होती.

"ये म्हाताऱ्या! बरा दिसतोस."

"खोटं बोलू नकोस. वही दे."

"सही तर झालीय तुझी. यादीत तिसरा आहेस. सोमवारी चर्चच्या धुराड्याचं काम निघतंय."

"नाव खोडायचंय."

वहीतलं नाव ज्याचं त्यानं खोडायचं, ही हॉलची रीत. लाइल फक्त मेलेल्यांची खोडायचा.

"राहू दे ना," तो हळू म्हणाला. "वही काय मागतेय तुझ्याकडे?"

"वही नाही मागत. ती फोनवाली बाई मागतेय."

"सरकारला आपल्या वहीचं काय?"

"मलाही कळलं नाही रे. डॉक्टर म्हणतो मरतोयस. ही म्हणते, आधी काम सोड. मी तर समजत होतो ते सुटलंय."

लाइलनं पेन पुढे केलं.

"पट्टी आण," व्हर्न म्हणाला.

"कशाला?"

"रेघ वाकडी नको."

त्यानं पट्टी धरून नावावर सरळ रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. लाइलनं त्या पानाची नक्कल काढून दिली. ट्रकपर्यंतच्या वीस पावलांत व्हर्न दोनदा थांबला.

घरी मार्लिस ओट्यापाशी होती. शाळेचा एप्रन घडी घालून खुर्चीवर ठेवलेला.

"कुठे उलथला होतास?"

त्यानं कागद दिला आणि फोनवरचं सांगितलं. तिनं वाचला, पुन्हा वाचला.

"उद्या पाठव त्या बाईला," ती म्हणाली. "मी मात्र शाळेत आजच सांगून आले. सोमवारपासून जाणार नाही."

"पैसे अजून कुठे आहेत? वर पाच महिने थांबायचं."

"पाच महिने थांबून काय करू?"

व्हर्न खुर्चीवर टेकला. आधी काय, नंतर काय, याची संगती त्याला लागेना.

"मग मी नाव कशाला खोडलं?"

मार्लिसनं बटाट्यांचं भांडं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सुरी दिली.

"सोल. आणि जाड साल काढू नकोस."

"जाड कधी काढली मी?" म्हणत त्यानं पहिला बटाटा उचलला.