पहिल्या चहाचा हक्क

वाशिंद स्टेशनबाहेर माझी चहाची टपरी आहे. रविवारी सकाळी तिथे जे चालतं त्याला प्लॉटवाले मार्केटिंग म्हणतात. मी त्याला ओरबाडणं म्हणते. गाडी आली की इस्त्रीच्या शर्टातले दहा-पंधरा बाप्ये जिन्याच्या पायथ्याशी दबा धरून उभे. उतरणारा माणूस जरा इकडेतिकडे बघत चालला की संपलाच. एकदा दोघांनी एका म्हाताऱ्याला दोन हातांना धरून ओढलं आणि त्याचा चष्मा माझ्या दुधाच्या पातेल्यात पडला. त्या दिवशी मी नियम केला: गिऱ्हाईक ज्याच्या हातचा चहा पहिला पिईल, ते दिवसभर त्याचं. मग दुसऱ्याने त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. भांडून सगळेच थकले होते, म्हणून ऐकलं.

तरी त्यांच्यातला अक्षय थर्मास घेऊन अलीकडच्या खडवलीला गाडीत चढायला लागलाच. चालत्या गाडीत गिऱ्हाइकाला चहा! मी सांगितलं, थर्मासचा चहा धरायचा नाही, माझ्या ग्लासातलाच चालेल. दोन दिवस माझ्यावर फुगून होता. फुगू दे.

या सगळ्यांत बाई एकच, रोशनी. किन्हवलीच्या अलीकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. घरात पगार आणणारी तीच. ती आणि अक्षय एकाच कंपनीत. तिथे महिनाअखेरीला ज्याचं बुकिंग सगळ्यांत कमी, त्याला घरी पाठवतात. मेच्या शेवटच्या रविवारी तिचं नाव तळाला होतं. एक बुकिंग झालं तर नोकरी राहणार होती.

त्या दिवशी अंबरनाथचे एक निवृत्त मास्तर बायकोला घेऊन उतरले. अक्षय माझ्याकडे ग्लास मागेपर्यंत रोशनीने दोन ग्लास त्यांच्या हातात दिले. मास्तर चहा प्यायले, बाईंनी आणखी अर्धा मागून घेतला. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, सुटली पोर.

पुढचं मला मंगळूने सांगितलं. तो कंपनीची गाडी चालवतो, आणि खोटं बोलायचा त्याला कंटाळा आहे.

साईटवर मॅनेजर शेखर उभाच होता. त्याने त्यांना थेट सतरा नंबरच्या प्लॉटवर नेलं. आजूबाजूचा माळ करपलेला, आणि हा एकच तुकडा हिरवागार. मास्तरीणबाई चप्पल काढून गवतावर चालल्या. म्हणाल्या, "मेमध्ये एवढं हिरवं! इथेच घर बांधायचं हो." शेखरने फॉर्म काढला. मास्तरांनी पेन उघडलं आणि सहज रोशनीकडे वळून विचारलं, "तुम्ही इकडच्याच ना? पावसात पाणीबिणी तुंबत नाही ना इथे?"

शेखरने डोळे वटारले. रोशनी खाली वाकली आणि मुळासकट एक झुपका उपटला.

"सर, हा लव्हाळा हाय. कोरड्या जमिनीत हा नाय येत. खाली पान्याचा झिरा हाय, म्हनून हिरवा दिसतो. आमच्या कोंडूकाकाचं खाचर होतं हे. मी इथं भाताची लावनी केलीय, मांडीएवढ्या पान्यात. घर बांधलंत तर जोतं खचंल."

मास्तरांनी पेन बंद केलं. शेखरने तिथेच तिच्या गळ्यातलं आयकार्ड काढून घेतलं आणि मंगळूला बजावलं, हिला गाडीत घ्यायचं नाही. ती शेखरला म्हणाली, "नको घेऊस. ही वाट मला तुज्यापेक्षा जास्त म्हाईत हाय." आणि भर उन्हात चालत घरी गेली. ऐकून मला तिचा अभिमानही वाटला आणि रागही आला. एवढ्या वेळेला गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात आलं. मग माझीच मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी सातलाच ती हजर. गळा मोकळा, हातात प्लास्टिकची पिशवी.

"काशीमावशे, एक चहा दे. आता कुनाच्या कंपनीची नाय, माजी मीच. प्लॉट मीच दाखवीन, जमीन कशी हाय ते खरं सांगीन, पटंल तो येईल."

अक्षय पुढे आला. "मावशे, हिला उभी करू नको. कार्ड नाय हिच्याकं." आज शेखरही स्टेशनवर आला होता, तो मागून बोलला, "हिला चहा दिलास तर आमी सगळे समोरच्या टपरीवर जाऊ."

खोटं कशाला बोलू? रविवारचा धंदा यांच्यावरच चालतो. पण टपरी माझी आहे. मी ग्लास काठोकाठ भरला. "नियम चहाचा हाय, कार्डाचा नाय. जायचं त्यानं जावं."

गेलं कुणीच नाही. समोरचा चहा पाणचट असतो.

दुपारपर्यंत रोशनीपाशी कुणी थांबलं नाही. बाराच्या सुमाराला एक नवरा-बायको उतरले, बाईचे दिवस भरत आलेले. अक्षयने त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला, मोबाईलवर हिरवागार सतरा नंबर दाखवला. पहिला चहा त्याचा. रोशनीला आता तोंड उघडायची सोय नव्हती.

तिने उघडलंही नाही. पिशवीतून मुळासकट लव्हाळा काढला आणि त्यांच्या ग्लासांशेजारी ठेवला. हाताची घडी घालून शेखरकडे बघत उभी राहिली.

"हे काय आहे?" त्या बाईने विचारलं.

अक्षय हसून म्हणाला, "काय नाय मॅडम, गवत हाय."

नियम प्लॉट विकणाऱ्यांना आहे. मी चहा विकते. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्या बाईच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"सांगते," मी म्हटलं. "आधी चहा संपव, बाय."