माझ्या बदलीची बाई

वाशीम स्टेशनावर बाबांनी माझी पेटी डब्यात चढवली आणि ते लगेच माघारी वळले. बैल मोटेला जुंपून ठेवून ते आले होते. माय थांबली. आमची भाजी अकोल्याला नेणारे करीमचाचा त्याच गाडीने निघाले होते, म्हणून अकोल्यापर्यंत मला त्यांच्या हवाली केले होते. नागपूरच्या सरकारी कचेरीत कामकऱ्यांच्या आठवड्याच्या कमाईची सरासरी काढण्याचे काम मिळाले आहे, असे मायने त्यांना सांगितले.

चाचा म्हणाले, "अख्ख्या मुलखाची कमाई मोजाले चालली पोट्टी, अन् बापाले बाजारातून आल्यावर सोताची पिशवी मोजाले फुरसत नाही."

गाडी हलेपर्यंत माय हसत होती. नंतरचे मला दिसले नाही.

बी.एस्सी. झालेली माळ्याची मुलगी आमच्या भागात अजूनही नवलाईची गोष्ट आहे. बाबांनी एका वर्षाची परवानगी दिली होती; नोकरी कायम व्हावी, हा माझा निश्चय मी त्यांना सांगितला नव्हता. घर सोडून कामाला गेलेल्या मैत्रिणींना असे निश्चय परिचित असतील, आणि मळ्यात राहिलेल्यांना ते न सांगताही कळलेले असतील.

काम मला मनापासून आवडले. सरकारी नोकरांचा पगार महिन्याचा, गिरण्या आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांतल्या मजुरांचा हप्ता आठवड्याचा. तुलना व्हावी म्हणून सारे आकडे आठवड्यावर आणायचे आणि सरासरीच्या दोन रेघा आलेखावर ओढायच्या. सरकारी रेघ पाटाच्या पाण्यासारखी संथ होती. महागाई भत्ता मिळाला की किंचित उचले. खासगी रेघ कापसाच्या हंगामात झेप घेई आणि जिन बंद पडले की कोसळे. महायुद्ध चालू असल्यामुळे त्या वर्षीची झेप मोठी होती. मी ती रेघ कौतुकाने ओढली. तिच्या चढाचा आमच्या मळ्यात काय अर्थ होतो, हे संक्रांतीला घरी गेल्यावर समजले.

मेथी फुलावर गेली होती. मिरची झाडावरच लाल होऊन गळत होती. तोडणीच्या निम्म्या बाया कापसाच्या जिनात कामाला गेल्या होत्या. बाबांचा त्यांच्यावर राग नव्हता. "जिनवाला दुप्पट देते. त्यायनं काहून यावं इकडं?" ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "वत्सले, तू आता राहून जाय. घरचे दोन हात तं पायजेत."

मी तत्काळ हिशेब मांडला. जिनाच्या दराने एक बाई लावली, तरी माझ्या पगारातून तिची मजुरी सहज निघत होती. मी तसे म्हणताच बाबांनी हातातले खुरपे खाली ठेवले.

"लेकीचा पैसा खाऊ काय मी?"

ज्या घरात लेकीच्या सासरचे पाणीही पीत नाहीत, तिथे या प्रश्नाला गणितात उत्तर नसते. रात्री मी नोकरी सोडल्याचे पत्र कसे लिहावे याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराहून आल्यावर तोडणीच्या बाया आमच्या अंगणात ओळीने बसतात, आणि घरच्या मिठाचा पैसा बाजूला काढण्याआधी त्यांची मजुरी त्यांच्या पदरात पडते. हंगामभर बांधलेली बाई आजारी पडली, तर ती आपल्या जागी जाऊ किंवा शेजारीण पाठवते आणि तिची मजुरी स्वतः भागवते. अशा पाठवलेल्या बाईला बदलीची बाई म्हणतात. त्या दिवशी ओळ तोकडी होती. मजुरी वाटून झाल्यावर माय सर्वांसमक्ष बाबांना म्हणाली, "तुमाले हिचे हातच पायजेत ना? मंग हिनं बदलीची बाई द्यावी. पैसा तुमच्या हाती येतेच कुठं? तो त्या बाईच्या पदरात पडते."

ओळीतली म्हातारी सरस्वता म्हणाली, "बदली तं रीतच हाय, दादा."

बाबांनी पागोटे सोडले आणि पुन्हा बांधले. मग मला विचारले, "जिनाच्या भावानं देशीन?"

मी हो म्हटले.

"मंग ह्या साऱ्यायलेच तो भाव द्या लागन," बाबा म्हणाले. ओळीतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "तुही सरासरी मले लय महाग पडली, बाई."

भाजीचाही भाव चढला होता; त्यांना ते परवडणार होते. पुढच्या बाजारापर्यंत जिनातल्या दोघी परत आल्या. माझ्या जागी पार्वती नावाची, माझ्याच वयाची बाई लागली. मी नागपूरला परतले आणि वर्षअखेर कायम झाले.

घर म्हणजे काय, याची व्याख्या मला करता येत नाही. मागच्या सुट्टीत मी ओसरीवर बसले होते. मळ्यातून मायची हाक आली, "वत्सले, टोपलं आन वं." मी उठले, तोवर वाफ्यातून पार्वतीने ओ दिली आणि टोपले घेऊन ती धावलीदेखील. तिला माझ्या नावाची सवय झाली होती. माय माझ्याकडे पाहून ओशाळली. मी पदर खोचला, वाफ्यात उतरले आणि पार्वतीच्या शेजारची सरी धरली.